एक पिलर कमी झाला तर

इमारत कोसळली की वार्ताहर, नगरसेवक, रस्त्यावर जमलेली गर्दी, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : किती वर्षांची होती? जुनी होती असे उत्तर आले की पुढचे प्रश्न आपोआप विरतात. जुनी होती म्हणजे पडणारच होती, असा हिशेब.

हा हिशेब जुळत नाही. मुंब्र्याजवळ शीळफाट्याच्या लकी कंपाउंडमधली इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी पडली तेव्हा तिचे वरचे मजले अजून चढतच होते. ७४ माणसे गेली. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत बसली. ती खुद्द मुंबई महापालिकेची, राहणारे बरेचसे महापालिकेचेच कर्मचारी, वय तिशीच्या जरा पुढे. तिथे ६१ गेले. महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० रोजी ढासळली, १६ जण दगावले. तिला पुरती दहा वर्षेही झाली नव्हती. आणि इकडे काळा घोड्यावरचे वॉटसन हॉटेल, आताची एस्प्लनेड मॅन्शन, १८६० च्या दशकात विलायतेत ओतलेल्या लोखंडी खांबांवर उभी आहे. १८९६ च्या ७ जुलैला ल्युमिए बंधूंचा चित्रपट जिथे हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवला गेला ती हीच वास्तू. २००५ च्या पावसाळ्यात तिच्या दर्शनी भागाचा तुकडा पडला, पुढे रहिवासी बाहेर काढावे लागले, पाडायची की वाचवायची यावर कोर्टकचेरी झाली. पण सांगाडा दीडशे वर्षे टिकला.

शंभरी ओलांडलेल्या इमारती पडत नाहीत असे अजिबात नाही. भेंडी बाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला पडली आणि ३३ जणांना घेऊन गेली. तरीही वय हे कारण म्हणून फार तोकडे आहे. वयाने काँक्रीट झिजते, सळई गंजते. इमारत अख्खी खाली का येते, एका कोपऱ्यातला तुकडा पडून बाकीची का उभी राहत नाही, याचे उत्तर वयात सापडत नाही. ते सांगाड्याच्या रचनेत असते, आणि आपल्या शहरांत ते बहुतेक वेळा तळमजल्यावर सापडते.

तीन घटना शेजारी ठेवून पाहा. १८ जुलै २००७, बोरिवलीची लक्ष्मी छाया, सात मजली : तळमजल्यावर दागिन्यांच्या दुकानाचे नूतनीकरण चालले होते, सुमारे तीस माणसे मेली. डॉकयार्ड रोड, २०१३ : तळमजल्यावरच्या गोदामात केलेल्या बदलांकडे बोट दाखवले गेले. २५ जुलै २०१७, घाटकोपरची सिद्धी साई : तळमजल्यावर, जिथे आधी नर्सिंग होम होते तिथे, फेरफाराचे काम सुरू होते आणि त्यात पिलरना हात लावल्याचा आरोप झाला, १७ जण गेले. वस्ती वेगळी, मालक वेगळे, मजल्यांची संख्या वेगळी. सारखे एवढेच की काम तळाला चालले होते आणि राहणारे वर होते.

आरसीसी इमारतीचा सांगाडा समजायला इंजिनिअर असावे लागत नाही. स्लॅबचे वजन बीमवर, बीमचे पिलरवर, पिलरचे पायावर. चार मीटर बाय चार मीटर अंतराने पिलर असतील तर आतल्या प्रत्येक पिलरच्या वाट्याला मजल्यामागे सोळा चौरस मीटर क्षेत्र येते. स्लॅब, बीम, भिंती, फरशी, कपाटे आणि माणसे धरून चौरस मीटरला ढोबळ एक टन. म्हणजे दर मजल्याला सोळा टन, आणि पाच स्लॅबच्या इमारतीत तळमजल्याच्या एकेका पिलरवर ऐंशी टन. गच्चीखालच्या पिलरवर यातले जेमतेम सोळा. दुकानदाराला शोकेससाठी जो पिलर 'मध्ये येतो' तो नेमका ऐंशी टनांचा असतो.

तो काढला तर काय होते? पहिले उत्तर सगळ्यांना सुचते : ते ऐंशी टन शेजारच्यांवर जातात. चार शेजारी असतील तर प्रत्येकी वीस टन जादा. आपल्या संहितेप्रमाणे वजनच मुळी दीडपट धरून आराखडा करतात, तेव्हा धडधाकट पिलर हा पंचवीस टक्के जादा भार कागदावर तरी पेलू शकतो. मग इमारत का पडते?

कारण वजन शेजाऱ्यापर्यंत पोहोचायला वाट लागते, आणि ती वाट म्हणजे बीम. मधला पिलर गेला की चार मीटरचा बीम आठ मीटरचा होतो आणि त्याला वाकवणारा जोर चौपट. त्याहून वाईट गोष्ट सळयांची. पिलरच्या डोक्यावर बीमला ताण वरच्या अंगाला असतो, म्हणून तिथे जाड सळया वर टाकतात आणि खाली थोड्याच ठेवतात. पिलर नाहीसा झाला की त्याच जागी ताण उलटून खालच्या अंगाला येतो, आणि तिथे सळई तुटपुंजी, कित्येकदा नुसती टोकाला टोक लावून सोडलेली. बीम मधोमध फाटतो. शिवाय हे सगळे सावकाश घडत नाही. आधार झटक्यात गेला तर तेच वजन दुपटीच्या जोराने बसते. वरचा स्लॅब खालच्यावर आदळतो, खालचा त्याच्या खालच्यावर. पुढचे सगळे काही सेकंदांचे काम.

हे झाले उभ्या वजनाचे. आडव्या तोलाचे प्रकरण याहून फसवे आहे, कारण तिथे कोणी पिलरला हातही लावलेला नसतो.

गणपतीचा मांडव घालणारी मंडळी उभे-आडवे बांबू बांधून झाले की चौकटीत एखादा तिरका बांबू घालतात, किंवा बाहेरून दोर ताणतात. तो तिरका बांबू छताचे वजन घेत नाही. तो चौकट कलंडू देत नाही. चौकोन ढकलला की तिरपा होतो. त्रिकोण होत नाही. आरसीसी इमारतीत हे काम दोन गोष्टी करतात : पिलर-बीमचे घट्ट सांधे, आणि चौकटीत भरलेल्या विटांच्या भिंती. आराखडा करताना इंजिनिअर सहसा त्या भिंती नुसते वजन म्हणून मोजतो, त्यांचा आधार धरत नाही. प्रत्यक्षात नऊ इंची वीटभिंत चौकटीला कैक पटींनी ताठ करते. वरच्या मजल्यांवर खोल्या, म्हणून भिंती. तळाला दुकाने किंवा गाड्या, म्हणून मोकळे. ज्या मजल्यावर भार सर्वांत जास्त त्याच मजल्यावर आधार सर्वांत कमी, अशी आपली नेहमीची रचना.

याचा परिणाम आकड्यांत मांडता येतो आणि तो मांडलाच पाहिजे, कारण इथे आपली एक खास खोड उघडी पडते. फ्लॅटच्या खोलीत पिलर पुढे आलेला गिऱ्हाइकाला आवडत नाही. म्हणून बिल्डर पिलर भिंतीइतका पातळ करतात, नऊ इंच, म्हणजे २३० मिलिमीटर, आणि भिंतीत लपवतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या संहितेत पिलर 'आखूड' कधी मानायचा याचा साधा नियम आहे : परिणामी लांबी भागिले कमीतकमी जाडी, उत्तर बारापेक्षा कमी हवे. परिणामी लांबी टोके कशी धरली आहेत त्यावर ठरते. तीन मीटरचा पिलर दोन्ही टोकांना पक्का आणि मजला बाजूला सरकू शकत नसेल, तर लांबीला ०.६५ ने गुणायचे : १.९५ मीटर. भागिले ०.२३, उत्तर साडेआठ. पिलर आखूड, चिंता नाही. तोच पिलर, तीच सळई, तेच काँक्रीट. पण वरचे टोक बाजूला सरकू शकत असेल तर गुणक १.२ होतो. लांबी ३.६ मीटर, उत्तर साडेपंधरा. आता तो सडपातळ.

लिओनहार्ट ऑयलर या गणितज्ञाने १७४४ मध्ये दाखवून दिले की सरळ काठी दाबत गेलो तर ती चिरडण्याआधीच एका ठरावीक भाराला बाजूला फुगते, आणि तो भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांबी दुप्पट, तर ताकद चौथाई. आपल्या १.९५ आणि ३.६ चा वर्ग घेतला तर वाकण्याचा भार एक तृतीयांशाच्याही खाली उतरतो. प्रत्यक्षात काँक्रीट-सळईचा पिलर ऑयलरच्या आदर्श काठीसारखा वागत नाही, पण दिशा हीच. दुकानाला उंची हवी म्हणून पोटमाळ्याचे बीम तोडतात तेव्हाही हेच होते. ते बीम पिलरला मधल्या उंचीवर धरून असतात. ते गेले की पिलर जागच्या जागी लांब होतो. त्याला कोणी छिन्नी लावलेली नसते, म्हणून 'आम्ही पिलरला हात लावला नाही' असे शपथेवर सांगता येते, आणि ते खरेही असते.

एकदा मजला थोडा कलला की इंजिनिअर ज्याला पी-डेल्टा म्हणतात तो प्रकार सुरू होतो. वजन वाढलेले नसते, वजनाची जागा सरकलेली असते. सरकलेले वजन पिलरला आणखी वाकवते, वाकलेला पिलर वजनाला आणखी सरकवतो. याला आवर हवा म्हणूनच वाऱ्याच्या झोताने इमारतीचा माथा उंचीच्या पाचशेव्या भागाहून जास्त हलू नये अशी मर्यादा संहितेने घातली आहे. वीस मीटरच्या इमारतीला चार सेंटिमीटर. वाचताना ती उगीच कडक वाटते.

मोकळ्या तळमजल्याची परीक्षा २६ जानेवारी २००१ च्या सकाळी झाली. भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये भुजजवळ, अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून दूर. एवढ्या अंतरावर विटामातीची कितीतरी घरे उभी राहिली आणि नव्या-कोऱ्या, खाली पार्किंग असलेल्या आरसीसी इमारती खाली बसल्या. शहरात सुमारे सत्तर बहुमजली इमारती कोसळल्या, सातशेहून अधिक माणसे गेली. काही ठिकाणी वरचे मजले जवळजवळ शाबूत, फक्त एक मजला खाली. पार्किंगच उरले नव्हते. दुसऱ्या वर्षी आयएस १८९३ ही भूकंपसंहिता सुधारली तेव्हा अशा मोकळ्या मजल्याचे पिलर आणि बीम अडीचपट जोरासाठी तपासा, अशी अट आली. मुंबई, ठाणे, पुणे अहमदाबादच्याच, भूकंपाच्या झोन तीनमध्ये. २००२ च्या आधी बांधलेल्या स्टिल्टच्या, म्हणजे तळाला मोकळे पार्किंग असलेल्या, इमारती इथे किती असतील याचा अंदाज कोणत्याही उपनगरी गल्लीत फेरी मारली की येतो.

अहमदाबादने आणखी एक गोष्ट दाखवली, ती रिंगांची. पिलरच्या उभ्या सळयांभोवती जे चौकोनी कडे घालतात त्याला सेंटरिंगवाले रिंग म्हणतात. उभी सळई भार घेते हे सगळ्यांना कळते. रिंग काय करते हे फार थोड्यांना. दाबाखाली काँक्रीट बाजूला फुगू पाहते, सळई बाहेर वाकू पाहते, रिंग दोघांना आवळून धरते. भूकंपाला तोंड देणाऱ्या सळया-रिंगांच्या बांधणीची संहिता आयएस १३९२० सांगते की सांध्याजवळ रिंगा एकमेकींपासून शंभर मिलिमीटरहून लांब नकोत आणि त्यांची टोके १३५ अंशांत वळवून आत काँक्रीटमध्ये रोवलेली हवीत. साइटवर ती ९० अंशांत वळवतात, कारण तसे वळवणे सोपे. वरचे कव्हर फुटले की अशी रिंग उघडते आणि पिलर मोकळा होतो. पिलर-बीमच्या ऐन सांध्यात तर रिंगा घालायला हातच जात नाही, इतक्या सळयांची गर्दी. कारागीर तेवढा भाग सोडून देतो आणि देखरेख करणाऱ्याला तो सेंटरिंग लागल्यावर दिसत नाही. माझ्या मते या शहरांची खरी सुरक्षितता त्या एका वितीच्या जागेत ठरते. नऊ इंची पिलरचेही तेच : किमान ३०० मिलिमीटर जाडी हवी असे याच संहितेने २०१६ मध्ये बजावले, तोवर आपण दोन पिढ्यांच्या इमारती नऊ इंचांवर उभ्या करून मोकळे झालो होतो.

एक आधार गेला तरी अख्खी इमारत जाता कामा नये, हा विचार नियमांत आला तो लंडनच्या एका पहाटेमुळे. १६ मे १९६८, रोनन पॉइंट, बावीस मजली मनोरा, लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झालेले. अठराव्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईने चहासाठी शेगडी पेटवली, गळलेल्या गॅसचा स्फोट झाला आणि कोपऱ्याची भिंत बाहेर उडाली. वरचे चार मजले निराधार झाले, ते कोसळले, त्यांच्या माराने खालचे सगळे कोपरे जमिनीपर्यंत गेले. चार माणसे मेली. शेगडी पेटवणारी बाई वाचली. स्फोट काही फार मोठा नव्हता. इमारत तयार फळ्या एकावर एक ठेवून रचलेली होती आणि फळ्या मुख्यतः स्वतःच्या वजनाने व घर्षणाने जागेवर होत्या.

ब्रिटनने १९७० मध्ये पाच आणि त्याहून जास्त मजल्यांच्या इमारतींसाठी नियम बदलले. इमारत आडवी-उभी बांधून घ्या, म्हणजे सळया एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग न्या. ते जमत नसेल तर कागदावर एकेक आधार काढून पाहा, बाकीची उभी राहते का. तीही नसेल राहत, तर तो आधार एवढा भक्कम करा की चौरस मीटरला ३४ किलोन्यूटन दाब बसला तरी जागचा हलणार नाही. अमेरिकेला हा धडा ओक्लाहोमा सिटीत मिळाला. १९ एप्रिल १९९५ च्या बॉम्बने मरा फेडरल बिल्डिंगचा दर्शनी पिलर उडाला. वरचे निम्मे पिलर तिसऱ्या मजल्यावरच्या एका लांब गर्डरवर टेकले होते, खाली मात्र मोजकेच. १६८ माणसे गेली, त्यातली बहुसंख्य स्फोटाने नव्हे, कोसळण्याने. चौकशी करणाऱ्यांचा निष्कर्ष असा की भूकंपासाठी करतात तशी सळया-रिंगांची बांधणी असती तर पडझड निम्म्याहून जास्त टळली असती. बॉम्बविरोधी खास काही नको होते. रिंगा हव्या होत्या.

आपल्या आयएस ४५६ मध्ये चार-सात मजली इमारतीसाठी पिलर काढून पाहण्याची सक्ती नाही. आपल्याकडे सक्ती आहे ती वयाची. मुंबई महापालिका अधिनियमाचे कलम ३५३-ब आणि इतर महापालिकांसाठी कलम २६५-अ म्हणते : तीस वर्षे झाली की नोंदणीकृत इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या. ही तीस वर्षे भोगवटा प्रमाणपत्रापासून किंवा निम्म्या क्षेत्राचा प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यापासून. तपासणी टाळली तर पंचवीस हजार रुपये किंवा वर्षाच्या मालमत्ता कराएवढा दंड, यातला जो जास्त असेल तो. मग सी-१, सी-२, सी-३ अशी प्रतवारी. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. मुंब्रा आणि महाड या चाळणीत कधी आलेच नसते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारला पडलेल्या अनधिकृत रमाबाई अपार्टमेंटचेही तेच. तिशीच्या कितीतरी आधी तिने १७ बळी घेतले.

शिवाय ऑडिटमध्ये तपासतात काय? हातोडीने ठोकून पोकळ आवाज, रिबाउंड हॅमरचा आकडा, अल्ट्रासॉनिक लहरींचा वेग, सळईच्या गंजासाठी हाफ सेल, कोअर कापून दाबचाचणी. फिनॉलफ्थॅलीन शिंपडल्यावर काँक्रीट गुलाबी झाले तर ठणठणीत, रंग आला नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा क्षार मारलेला. चाचण्या चांगल्या आहेत. पण त्या पदार्थाची तब्येत सांगतात, सांगाड्याचा तोल सांगत नाहीत. मूळ आरसीसी ड्रॉइंग सोसायटीकडे बहुधा नसते, बिल्डर केव्हाच दुसऱ्या नावाने काम करत असतो, आणि दुकानदार आत येऊ देत नाही. मग अहवालात सगळ्या जिन्यांची, गच्चीची, गळक्या संडासांची छायाचित्रे असतात. तळमजल्याबद्दल 'प्रवेश मिळाला नाही' अशी एक ओळ.

दुरुस्तीतही गफलत हीच. गिरणगावात, गिरगावात टेकू हा शब्द पोराटोरांना माहीत आहे, पण टेकू लावणे ही विद्या आहे. एका मजल्यावर टेकू दिला तर वरचे वजन खालच्या स्लॅबच्या मधोमध उतरते, तिथे बीम नसतो. टेकू खालपर्यंत, एकाखाली एक, जमिनीला टेकले पाहिजेत. पिलरला जॅकेटिंग करतात तेव्हा जुन्यावरचा भार आधी टेकूंवर उतरवला नाही तर नवे काँक्रीट नुसता अंगरखा होऊन बसते. आणि जॅकेटच्या सळया स्लॅबला भोके पाडून वर नेल्या नाहीत, खाली पायात उतरवल्या नाहीत, तर जिथे पिलर तुटतो ती दोन्ही टोके होती तशीच राहतात. पैसे गेलेले असतात आणि रंगही छान लागलेला असतो.

स्टिल्टचा उपाय त्या मानाने स्वस्त आहे. पार्किंगच्या काही गाळ्यांत आरसीसी भिंत घालणे किंवा तिरके पोलादी आधार बसवणे, दोन-चार गाड्यांच्या जागा जातात. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उरलेल्या माळवदी घरांसाठी सुचवलेल्या मजबुतीकरणातही लाकडी खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरकस आधार ठोकणे होतेच. मराठवाड्यातल्या सुताराला ते लगेच पटले असणार. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला पटत नाही, कारण प्रश्न पार्किंगचा असतो.

दसरा-दिवाळी हा दुकाने नवी करण्याचा हंगाम. मुंबईत 'टेनंटेबल रिपेअर्स' म्हणून रंग, गिलावा, फरशी अशा कामांना महापालिकेची आगाऊ परवानगी लागत नाही, आणि याच नावाखाली शटर पाडून आत काहीही चालते. सोसायटीच्या कमिटीला ब्रेकरचा आवाज ऐकू येतोच. मंजूर नकाशाची प्रत महापालिकेकडून मिळवता येते, ती घेऊन तळमजल्याचे पिलर मोजायला अर्धा तास लागतो. नकाशात अठ्ठावीस असतील तर जागेवर अठ्ठावीस भरले पाहिजेत, आणि एखादा सनमाइकच्या मागे गेला असेल तर सनमाइक काढून मोजायचा.